हातातील हुनर आणि मातीतील पुरावा : प्रायोगिक पुरातत्त्वाची ओळख

प्रस्तावना

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'सिंधू संस्कृतीचे लोक मौल्यवान दगडांचे सुबक मणी बनवीत' असे एक वाक्य असते. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. हे मणी कसे बनत असतील, एका मण्याला किती दिवस लागत असतील, ते काम कोणालाही जमत असेल की त्यासाठी उस्तादाच्या हाताखाली वर्षे घालवावी लागत असतील, हे प्रश्न सहसा वर्गात उपस्थित होत नाहीत. वास्तविक प्राचीन समाजाचे खरे ज्ञान या प्रश्नांच्या उत्तरांतूनच मिळते. उत्खननात वस्तू सापडते, पण ती घडविणाऱ्या माणसाची कृती सापडत नाही. ती कृती पुन्हा करून पाहण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीला 'प्रायोगिक पुरातत्त्व' म्हणतात.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचा परिचय अकीकच्या मण्यांच्या एका उदाहरणावरून करून दिला आहे. हे उदाहरण गुजरातेतील खंबायत, म्हणजे आजचे खंभात, येथील कारागिरांशी निगडित आहे.

प्रायोगिक पुरातत्त्व म्हणजे काय?

प्राचीन वस्तू, वास्तू किंवा प्रक्रिया यांविषयी एखादे अनुमान मांडायचे, त्या काळी उपलब्ध असलेले साहित्य व साधने वापरून ती कृती करून पाहायची, प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायची आणि प्रयोगातून उरलेल्या खुणा उत्खननातील खुणांशी ताडून पाहायच्या, असे या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप आहे. ताडून पाहणे हा तिचा प्राण होय. केवळ जुन्यासारखी दिसणारी वस्तू तयार केली तर ती प्रतिकृती ठरते, प्रयोग ठरत नाही.

या विचाराची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. डेन्मार्कमधील सेहेस्टेड या जमीनदाराने अश्मयुगीन कुऱ्हाडी वापरून झाडे तोडली आणि लाकडी घर बांधून दाखविले. १९६१ मध्ये रॉबर्ट अ‍ॅशर यांनी या पद्धतीची तात्त्विक चर्चा केली. पुढे १९७० च्या दशकात जॉन कोल्स यांच्या ग्रंथांमुळे ती विद्यापीठीय अभ्यासात स्थिरावली. डेन्मार्कमधील लायर येथे १९६४ मध्ये आणि इंग्लंडमधील बटसर येथे १९७२ मध्ये अशा प्रयोगांची कायमस्वरूपी केंद्रे सुरू झाली.

काही प्रयोग एका पिढीत संपत नाहीत. इंग्लंडमधील ओव्हरटन डाउन येथे १९६० मध्ये मातीचा एक बांध व खंदक मुद्दाम तयार करण्यात आला आणि त्यात कापड, चामडे, लाकूड, हाडे अशा वस्तू पुरून ठेवण्यात आल्या. २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि शेवटी १२८ वर्षांनी त्याचा छेद घेऊन कोणती वस्तू किती टिकली हे पाहायचे, अशी योजना आखली गेली. शेवटचा छेद २०८८ मध्ये घ्यावयाचा आहे. मातीत जे सापडत नाही ते कधी नव्हतेच असे मानण्याची घाई करू नये, हा धडा या प्रयोगातून मिळतो.

एक प्रश्न : लांब मण्याचे छिद्र

इ.स.पू. २६०० ते १९०० या काळातील सिंधू संस्कृतीच्या नगरांत लाल रंगाच्या कार्नेलियन दगडाचे लांब, निमुळते मणी सापडतात. कार्नेलियन हा अकीकच्याच कुळातील दगड आहे. 'अकीक' हा शब्द मूळ अरबी असून फारसी-उर्दूमार्गे तो आपल्याकडे रुळला. अकीकच्या अंगठीची प्रथा मुस्लिम समाजात जुनी असल्याने हा दगड अनेक घरांत ओळखीचा आहे.

यांतील काही मणी ६ ते १३ सेंटिमीटर लांब आहेत. कराचीजवळील अल्लाहदिनो या स्थळी मिळालेल्या कमरपट्ट्यात असे ३६ मणी आहेत. इराकमधील ऊर येथे लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. तेथील राजघराण्याच्या दफनभूमीतही सिंधू खोऱ्यातून गेलेले लांब कार्नेलियन मणी मिळाले.

येथेच प्रश्न उभा राहतो. हा दगड पोलादी चाकूनेही ओरखडत नाही. सिंधू काळात लोखंड वापरात नव्हते. मग बोटाएवढ्या लांबीच्या, बारीक जाडीच्या मण्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ छिद्र पाडले कशाने? ताम्रधातूच्या सळईने, वाळू लावून फिरविलेल्या काडीने, की दगडाच्याच टोकाने? केवळ मणी पाहून याचे उत्तर मिळत नाही.

खंबायतची कार्यपद्धती

उत्तराचा शोध घेताना संशोधक खंबायतला पोहोचले. या शहरात अकीकचे काम शतकानुशतके चालत आले आहे. कच्चा दगड मुख्यतः भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरातील खाणींतून येत असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने या भागातील अकीकच्या खाणी व व्यापार यांची नोंद केली आहे. रतनपूरच्या डोंगरावर बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा असून या धंद्याची भरभराट त्यांच्यामुळे झाली अशी परंपरा सांगते. आफ्रिकेतून आलेला संत, भारतातील खाण आणि अरबस्तानापर्यंत जाणारा मणी, असा हिंदी महासागराचा मोठा पट या परंपरेमागे आहे.

मार्क केनोयर, इटलीचे मास्सिमो विदाले आणि वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलदीप भान यांनी खंबायतच्या कारागिरांबरोबर केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कामाचे टप्पे स्पष्ट होतात.

पहिला टप्पा दगड वाळविण्याचा व तापविण्याचा. खाणीतून आलेले पिवळसर-तपकिरी खडे उन्हात वाळवून मडक्यांत भरतात व भुसा, गोवऱ्या यांसारख्या मंद जळणावर तापवितात. उष्णतेने दगडातील लोहाच्या संयुगातील पाणी निघून जाते आणि त्याला लाल रंग येतो. शिवाय तापविलेल्या दगडाच्या कपच्या अधिक नेमक्या निघतात. आच एकदम वाढली तर मात्र दगड तडकतो. दुसरा टप्पा कपच्या काढण्याचा. लोखंडाची टोकदार सळई जमिनीत तिरकी रोवलेली असते. कारागीर खडा त्या टोकावर टेकवून धरतो आणि बारीक काडीला बसविलेल्या म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून ठोकतो. आघात वरून होतो, पण कपची सळईच्या टोकाकडून उडते. त्यानंतर घासणे, छिद्र पाडणे आणि झिलई देणे हे टप्पे येतात. छिद्रासाठी कमानीने फिरविल्या जाणाऱ्या गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसविलेले असतात.

लोखंडी सळई व हिरा या दोन्ही गोष्टी सिंधू काळातील मणी-उद्योगात नव्हत्या. तेव्हा आजची पद्धत जशीच्या तशी मागे नेणे चुकीचे ठरेल. जिवंत परंपरा प्रश्न कसा विचारावा हे शिकविते, उत्तर मात्र पुराव्यातूनच शोधावे लागते.

छिद्राचा साचा आणि गिरमिटाचे टोक

पुरावा छिद्राच्या आतच होता. लिओनार्ड गोरेलिक व जॉन ग्विनेट या दंतवैद्यकातील दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक साधी युक्ती योजली. दाताचा साचा घेण्यासाठी जे सिलिकोन वापरतात ते त्यांनी प्राचीन मण्यांच्या छिद्रांत भरले, घट्ट झाल्यावर बाहेर काढले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हाताने फिरविलेल्या वेगवेगळ्या गिरमिटांनी नवी छिद्रे पाडून त्यांचेही साचे घेतले. कोणते साधन भिंतीवर कोणत्या रेषा उमटविते हे अशा तुलनेतून कळू लागले. हिऱ्याची खूण वेगळी, वाळूची वेगळी, दगडी टोकाची वेगळी.

दुसरा पुरावा सिंधमधील चन्हुदडो येथे होता. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांना तेथे मण्यांच्या कारखान्याचे अवशेष आणि दगडी गिरमिटाची बारीक टोके मिळाली होती. त्यांतील एका विशिष्ट, अत्यंत कठीण दगडाला केनोयर व विदाले यांनी १९९२ मध्ये मॅके यांच्या स्मरणार्थ 'अर्नेस्टाइट' असे नाव दिले. त्यातील काही घटक पाहता मूळ खडक तीव्र आचेवर तापवून कठीण केला गेला असावा, असे दिसते. कच्छमधील धोलावीरा येथे अशी हजाराहून अधिक टोके मिळाली आहेत. २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या नगराचे उद्योगकेंद्र म्हणून असलेले महत्त्व त्यावरून लक्षात येते.

वेळेचा हिशेब

यापुढचे काम प्रयोगाचे होते. अर्नेस्टाइटच्या टोकाने कार्नेलियनला छिद्र पाडून पाहिले असता तासाला सुमारे २.५ मिलिमीटर एवढी प्रगती होते, असे आढळले. हा आकडा लहान दिसतो, परंतु त्यातून बरेच काही उलगडते. ६ सेंटिमीटर म्हणजे ६० मिलिमीटर. भागाकार केला तर २४ तास होतात. दिवसाला आठ तास काम धरले तर तीन दिवस झाले. १३ सेंटिमीटरच्या मण्याला याच हिशेबाने ५२ तास लागतात. टोक बदलणे, विसावा घेणे व दोन्ही बाजूंची छिद्रे मध्यभागी जुळविणे हे गृहीत धरता लांब मण्याच्या केवळ छिद्रासाठी तीन ते आठ दिवस लागत असावेत. दगड निवडणे, तापविणे, घडविणे, घासणे व झिलई हे सर्व टप्पे मिळवून अल्लाहदिनोच्या ३६ मण्यांच्या कमरपट्ट्याला ४८० हून अधिक कामाचे दिवस लागले असावेत, असा केनोयर यांचा अंदाज आहे.

एका दागिन्यामागे एका कारागिराचे वर्षाहून अधिक आयुष्य! एवढा काळ त्या कारागिराला धान्य कोण पुरवीत होते? दगड दुरून कोण आणीत होते? तडकलेल्या मण्याचे नुकसान कोण सोसत होते? अशा प्रश्नांतूनच व्यापारी, धनिक, श्रमविभागणी आणि सत्ता यांचा अभ्यास सुरू होतो. 'सुबक मणी बनवीत' या वाक्यात या सर्वांचा मागमूसही नसतो.

खंबायतच्या अभ्यासाने आणखी एक मुद्दा पुढे आणला. मोठ्या व्यापाऱ्याच्या नियंत्रणाखालील कारखाना आणि घरगुती लहान कारखाना यांची कचरा टाकण्याची रीत सारखी नसते. कपच्या झाडून दुसरीकडे टाकल्या जातात. म्हणून कपच्यांचा ढीग सापडला की तेथेच कारखाना होता, असे म्हणता येत नाही. कचरा कोणत्या टप्प्यातील आहे आणि कसा विखुरला आहे, यावरून उत्पादन कोणाच्या ताब्यात होते याचा अंदाज बांधता येतो.

हुनर कोठे असतो?

फ्रेंच अभ्यासक व्हॅलेंतीन रू, ब्लांदीन ब्रिल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला खंबायतचाच एक प्रयोग शिक्षकांनी विशेष लक्ष देण्यासारखा आहे. उंची मणी घडविणारे आणि साधे मणी घडविणारे अशा दोन गटांतील कारागिरांना त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे मणी घडविण्यास सांगितले आणि हातोडीच्या हालचालीचा वेग कसा बदलतो हे यंत्राने मोजले. नेहमीच्या दगडाबरोबर काचेचे तुकडेही दिले. काच हा त्यांच्या रोजच्या कामाचा पदार्थ नव्हता.

मणी घडविण्याचे टप्पे दोन्ही गटांना ठाऊक होते. फरक होता तो आघातावरील नियंत्रणात. उंची काम करणारे कारागीर पदार्थ बदलताच आघाताचा जोर त्यानुसार बदलू शकत होते. 'काय करायचे' हे माहीत असणे आणि ते हाताला येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून मोजमापासह सिद्ध झाले. उर्दूत 'इल्म' आणि 'हुनर' असे दोन शब्द आहेत. शाळा-महाविद्यालयांत पहिल्याला मान मिळतो, दुसऱ्याकडे मजुरी म्हणून पाहिले जाते. हुनर हेही दीर्घ शिक्षणाने मिळविलेले ज्ञान आहे, हे या प्रयोगातून दिसते.

याचा पुरातत्त्वाच्या पद्धतीवरही परिणाम होतो. नवशिक्या संशोधकाने दगड ठोकून पाहिला व मणी फुटला, तर 'हे तंत्र अशक्य होते' असा निष्कर्ष निघत नाही. संशोधकाचा हात कच्चा आहे, एवढेच सिद्ध होते. म्हणून प्रयोगात कुशल कारागीर साहाय्यक म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून असावा लागतो. सिंधमधील सेहवान येथील एका वृद्ध कारागिराने कार्नेलियनवर पांढरी नक्षी उमटविण्याची रीत मॅके यांना करून दाखविली होती. किरार नावाच्या काटेरी झुडपाच्या कोवळ्या फांद्यांचा रस व धुण्याचा सोडा यांचे मिश्रण बोरूने दगडावर लावायचे आणि निखाऱ्यांत तापवायचे. या वर्णनामुळे सिंधू काळातील नक्षीदार मण्यांचे तंत्र समजण्यास मोठी मदत झाली. तो हात नसता तर पुढील प्रयोगांना दिशा मिळणे अवघड होते.

प्रयोगाच्या मर्यादा

प्रयोग यशस्वी झाला म्हणजे भूतकाळात तसेच घडले, असे सिद्ध होत नाही. १९४७ मध्ये थोर हेयरडाल यांनी 'कोन-टिकी' या तराफ्यावरून पेरूपासून पॉलिनेशियापर्यंतचा प्रवास १०१ दिवसांत पूर्ण केला. असा प्रवास शक्य आहे हे त्यातून दिसले. परंतु पॉलिनेशियातील वसाहत मुख्यतः पश्चिमेकडून, आशियाच्या दिशेने झाली, हे भाषा, उत्खनन व जनुकीय अभ्यास यांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी पॉलिनेशियनांचा संपर्क आल्याचा जनुकीय पुरावा २०२० मध्ये पुढे आला, तरी त्याने वसाहतीची मुख्य दिशा बदलत नाही. 'शक्य होते' आणि 'घडले' यांमधील अंतर प्रयोगाने पार होत नाही, त्यासाठी उत्खननातील खूण जुळावी लागते. मण्यांच्या बाबतीत ती छिद्राच्या भिंतीवर जुळली, म्हणून तो निष्कर्ष भक्कम ठरला.

तासाला २.५ मिलिमीटर हा आकडाही अंदाजाचा आधार आहे, काळाच्या घड्याळाचा काटा नव्हे. रोज तेच काम करणाऱ्या प्राचीन कारागिराचा वेग निराळा असू शकतो. वेळ मोजता येतो. ते काम करणाऱ्याच्या मनातील श्रद्धा, अभिमान वा नाइलाज मोजता येत नाही.

कारागिराचे ऋण

या संपूर्ण अभ्यासाला एक वेदनादायक बाजू आहे. अकीक हा सिलिका या पदार्थाचा दगड. विजेच्या चाकांवर तो कोरडा घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत साठते व सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. अशा रुग्णांना क्षयाचा धोकाही अधिक असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कामगारांतील या रोगाचा अभ्यास केला आहे. घासणारे बहुतेक घरांतच काम करतात, त्यामुळे धूळ कुटुंबाच्याही श्वासात जाते. ज्या हातांनी साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तंत्राचा उलगडा करण्यास मदत केली, त्या हातांचे आयुष्य असे कमी व्हावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. धूळ ओढून घेणारी यंत्रे व ओले घासणे हे उपाय ज्ञात आहेत, ते प्रत्येक घरापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. जिवंत कारागिराच्या श्वासाकडे दुर्लक्ष करून मृत कारागिराच्या कौशल्याचे कौतुक करणे हा अभ्यासाचा अर्धवटपणा होय.

वर्गातील उपयोग

ही पद्धत महाविद्यालयात अल्प खर्चात वापरता येते. मात्र अकीक, गारगोटी यांसारखे दगड वर्गात फोडू वा घासू नयेत. धूळ आणि उडणाऱ्या कपच्या दोन्ही घातक असतात. त्याऐवजी मातीचे मणी घ्यावेत. पुढील क्रम सोयीचा ठरेल.

१. प्रश्न निश्चित करावा. उदाहरणार्थ, 'मण्याचे छिद्र कशाने पाडले हे छिद्र पाहून ओळखता येते काय?'

२. एकाच मातीचे, एकाच आकाराचे तीस मणी करावेत. दहांना ओले असताना गवताच्या काडीने, दहांना ओले असताना तारेने आणि दहांना वाळल्यावर खिळ्याने छिद्र पाडावे. साधन व छिद्राची वेळ सोडून बाकी काहीही बदलू नये.

३. प्रत्येक मण्याला लागलेला वेळ आणि फुटलेले मणी यांची नोंद ठेवावी. अपयशाची नोंद वगळू नये.

४. मणी पूर्ण वाळवून जवळच्या कुंभाराच्या भट्टीत भाजून घ्यावेत.

५. ज्यांनी मणी केले नाहीत अशा विद्यार्थ्यांच्या गटाला ते मिसळून द्यावेत. त्यांनी भिंगाने पाहून आणि खेळण्याच्या मऊ मातीत छिद्राचा ठसा घेऊन साधन ओळखावे. किती उत्तरे बरोबर आली ते मोजावे.

६. शेवटी कुंभाराला तेच मणी दाखवून त्याचे मत विचारावे आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

सहावी पायरी अनेकदा सर्वांत फलदायी ठरते. धंद्यातील शब्द हे तंत्राचे कोश असतात. विद्यार्थ्यांपैकी कोणाचे वडील विणकर, कासार, लोहार किंवा बांधकाम कारागीर असतील, तर त्या घरातील ज्ञान प्रथमच महाविद्यालयाच्या वहीत उतरते. भाषेच्या शिक्षकाने हा शब्दसंग्रह उर्दू, दखनी, कोकणी, मराठी, गुजराती अशा ज्या बोलीत मिळेल त्या बोलीत नोंदवावा. इतिहासाच्या शिक्षकाने त्यामागील प्रक्रिया लिहावी.

समारोप

प्रायोगिक पुरातत्त्व भूतकाळ पुन्हा घडवून दाखवीत नाही. ते अनुमानाला कसाला लावते. कोणती गोष्ट शक्य होती, तिला किती श्रम लागत, कोणत्या खुणा मागे राहत, हे ते सांगू शकते. खंबायतच्या मण्यांनी हे दाखविलेच, शिवाय पुराव्याची साखळी संग्रहालयातील पेटीपासून कारागिराच्या ओसरीपर्यंत जाते हेही दाखविले. त्या ओसरीवरून आलेला विद्यार्थी वर्गात मागच्या बाकावर बसलेला असू शकतो. त्याच्या घरचा हुनर हाही इतिहासाचा पुरावा आहे, हे त्याला शिक्षकाकडून कळणे ही या पद्धतीची पहिली पायरी ठरावी.